आईचा खोकला आणि मी दिलेलं उत्तर

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी आईबद्दल एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. त्याबद्दल लिहायचं मी बरेच दिवस टाळत होते. लिहिताना आपण स्वतःला थोडं बरं दाखवतोच, आणि या गोष्टीत मी बरी वागले नव्हते. तरी जसं आठवतं तसं लिहून बघते.

आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले. बाबा आयटीआय झालेले, केंद्र सरकारच्या एका खात्यात तंत्रज्ञ आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांची बदली चंदीगडला झाली आणि आम्हाला इथल्या एका सेक्टरमध्ये सरकारी क्वार्टर मिळालं. आई सातवीपर्यंत शिकलेली. मी इथल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात कुठलाही कागद आला की तो माझ्या हातात येतो. बँकेचा असो, गॅसचा असो, की दवाखान्याचा. मला नेहमीच सगळं कळतं असं नाही, पण ते सांगायची सोय नसते.

मागच्या वर्षी आईचा चेहरा सकाळी उठल्यावर सुजायला लागला. मग पाय सुजले. तपासण्यांमध्ये कळलं की तिच्या मूत्रपिंडातून लघवीवाटे प्रथिनं जातात. डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, रोज सकाळी बऱ्याच. त्या गोळ्यांनी सूज उतरली. आईचा चेहरा मात्र गोल झाला आणि भूक वाढली. ती हसून म्हणायची, "मी आता पंजाबी दिसाले लागली." शेजारच्या काकू येऊन सांगायच्या, "भाभीजी, अब तो आप बिल्कुल यहीं के लगते हो."

डॉक्टरांनी बजावलं होतं की या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबते, तेव्हा सर्दीतापाला जपा. आम्ही जपलो. पाणी उकळून दिलं, गर्दीत नेलं नाही. बाहेरून काही येऊ नये एवढंच आम्ही बघत होतो. आत काही असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

नोव्हेंबरात खोकला सुरू झाला. त्या दिवसांत इथे हवेत धूर असतो, सगळेच खोकतात. म्हणून पहिले काही दिवस आम्ही लक्ष दिलं नाही. मग तिची छाती वाजायला लागली. जवळच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी दमा म्हटलं आणि ओढायचा पंप दिला. फरक पडला नाही. पोटात मधूनमधून कळ यायची, जेवण कमी झालं. आणि कमरेवर पित्त उठायचं. पित्त तिला माझ्या लहानपणापासून उठतं. लाल, खाजरी, लांब रेघ. तासाभरात ती रेघ थोडी पुढे सरकलेली असायची, दुसऱ्या दिवशी नाहीशी. आई त्यावर गेरू लावायची आणि कामाला लागायची. ते आम्हाला इतकं सवयीचं होतं की आजाराच्या यादीत ते कुणी धरलंच नाही.

एका सकाळी तिला चार पावलं चालून धाप लागली. बाबांनी ऑफिसला फोन केला आणि आम्ही तिला मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये नेलं. तिला वॉर्डात खाट मिळाली, नाकाला ऑक्सिजन लावला. बाबा कार्ड करायच्या रांगेत उभे राहिले. आईजवळ मी होते.

एक तरुण डॉक्टरीणबाई फाइल घेऊन आल्या. हिमाचलकडच्या असाव्यात, बोलण्यावरून वाटलं. त्यांनी आईला नमस्ते केलं आणि हिंदीत विचारायला लागल्या. आईला हिंदी समजतं, पण घाबरली की तिला बोलायला सुचत नाही. म्हणून तिच्या वतीने मीच उत्तरं देत होते. खोकला कधीपासून, ताप किती, कुठल्या गोळ्या. सगळं मी पटपट सांगत होते, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटत होतं. डॉक्टर माझ्याशी बोलत होत्या, मी बी.एस्सी. करते हे त्यांना कळलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "मम्मी ने कभी खेत में काम किया है? नंगे पैर, गीली मिट्टी में? धान वगैरह?"

मी म्हटलं, "नहीं जी. पापा सेंट्रल गवर्नमेंट में हैं. हम तो सेक्टर में रहते हैं."

"गाँव में भी नहीं?"

"नहीं."

त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी असं का सांगितलं, हे मी नंतर खूपदा स्वतःला विचारलं. आईने धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, पंधरा-सोळा वर्षं रोवणी केली आहे. लग्नाआधी माहेरी, लग्नानंतर सासरी आणि दुसऱ्यांच्या शेतातही. सकाळी वाकायची ती संध्याकाळी सरळ व्हायची. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या पडायच्या. मी आठ वर्षांची असताना बाबांनी आम्हाला त्यांच्या पोस्टिंगच्या गावी नेलं आणि ते काम सुटलं.

पण चंदीगडला आल्यावर मी एक गोष्ट शिकले होते. कॉलेजच्या पहिल्या महिन्यात मैत्रिणींबरोबर बसने जाताना शहराबाहेर धानाची लावणी चाललेली दिसली. मी सहज म्हटलं, माझी आई पण हे करायची. एक मैत्रीण हसली. म्हणाली, "अरे, ये तो भैये लोग करते हैं." ती दुष्ट नव्हती. आजही माझी मैत्रीण आहे. पण त्यानंतर कुणी विचारलं की मी "सर्विस क्लास" असं सांगायला लागले. इथे नोकरदार घरांसाठी तो शब्द फार चालतो. हळूहळू ते उत्तर इतकं तोंडात बसलं की डॉक्टरांनी विचारल्यावरही तेच बाहेर आलं. मला वाटलं, त्या आम्ही कोण आहोत ते विचारताहेत. त्या आजार विचारत होत्या.

आई खाटेवर होती, डोळे उघडे होते. ती काहीच बोलली नाही.

त्या संध्याकाळी दम्याचा जोर समजून आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन सुरू झालं. थुंकी टीबीसाठी गेली, बुरशीसाठी गेली. दुसऱ्या दिवशी तिला जास्त ऑक्सिजन लागला. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि खोकल्यातून रक्ताची बारीक रेघ आली. बाबा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहायचे. मी बाहेर आले की विचारायचे, "काय म्हणतात?" मी म्हणायचे, "तपासण्या चालू आहेत." ते मान हलवायचे. मी शिकलेली आहे, मला कळत असेल, असा त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासाकडे बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईच्या शेजारच्या खाटेवर एक बाई दाखल झाल्या. मूळच्या बिहारच्या. त्यांचे यजमान जवळच्याच डेराबस्सीच्या एका औषधाच्या कारखान्यात होते, आणि त्या स्वतः धानाच्या दिवसांत आसपासच्या शेतांवर जात. त्यांना दुसराच काही आजार होता. त्याच डॉक्टरीणबाई फाइल घेऊन त्यांच्याकडे आल्या आणि बऱ्याच प्रश्नांनंतर तोच प्रश्न आला. खेत में काम करती हो? नंगे पैर?

बाई म्हणाल्या, "हाँ मैडम, धान तो हमीं लोग लगाते हैं. चप्पल पहिन के कौन घुसता है कीचड़ में? चप्पल वहीं रह जाएगी."

डॉक्टरही हसल्या, बाईही हसल्या. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. बस. आणखी काही झालं नाही.

मी आईच्या खाटेजवळ उभी होते. माझ्या मनात एकच विचार आला, हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात. म्हणजे त्याच्या उत्तरावर काहीतरी ठरत असणार. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळल्या तशी मी त्यांच्या मागे गेले.

"मॅडम, एक बात गलत बताई थी मैंने."

"बोलो."

"मम्मी ने धान लगाया है. पंद्रह-सोलह साल. नंगे पैर." मी लगेच पुढे जोडलं, "लेकिन बहुत पुरानी बात है. बारह साल हो गए. शायद अब उससे कुछ फर्क..."

"पड़ता है," त्या म्हणाल्या. त्यांनी फाइल उघडली. रागावतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं, "कमर पे, जांघ पे कभी लाल लाइन जैसी खुजली? चलती हुई?"

मी पित्ताबद्दल सांगितलं. गेरूबद्दलही सांगितलं. आता काही लपवायचं नव्हतं. त्या लिहिता लिहिता थांबल्या, मग वॉर्डातल्या सिस्टरांना हाक मारून म्हणाल्या की आईची ताजी थुंकी लगेच हवी.

वॉर्डाच्या टोकाला एक छोटी खोली आहे. तिथे सूक्ष्मदर्शक असतो. अर्ध्या तासाने डॉक्टरांनी मला तिथे बोलावलं. "ज़ूलॉजी है ना तुम्हारा? देखो."

मी डोळा लावला. कॉलेजात आम्ही जंत बघितले आहेत, पण ते काचेवर पक्के केलेले, मेलेले. जर्नलमध्ये मी त्यांच्या आकृत्या पेन्सिलने काढल्या आहेत. हे हलत होतं. काचेसारखं आरपार, दोऱ्याच्या बारीक तुकड्याएवढं, आणि सारखं वळवळत होतं. आजूबाजूच्या पेशींना ढकलत ते बाजूला गेलं आणि मला दिसेनासं झालं. हे आईच्या छातीतून आलं होतं.

त्यांनी मला समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते. या जंताच्या अळ्या ओल्या मातीत असतात. अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, श्वासनलिकेतून वर घशात येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात राहायला लागतात. बाकीचे बरेचसे जंत काही वर्षांत मरून जातात आणि गोष्ट संपते. या जातीचे तसं नाही. यांची पिल्लं त्याच माणसात पुन्हा शिरतात, तोच फेरा पुन्हा चालू होतो, म्हणून माती सुटली तरी हे सुटत नाहीत. निरोगी शरीर त्यांना धाकात ठेवतं. थोडे असतात, कुणाला कळत नाही, कधी कमरेवर एखादी रेघ उठते. आईच्या शरीराने बारा वर्षं, कदाचित त्याहून जास्त, त्यांना असं सांभाळलं होतं. स्टिरॉइडने शरीराचा धाक संपला आणि ते मोकाट सुटले. फुप्फुसं अळ्यांनी भरली. छाती वाजते म्हणून दमा वाटतो, दमा वाटतो म्हणून आणखी स्टिरॉइड दिलं जातं, आणि त्याने अळ्या आणखी वाढतात.

"मग परवा मी खरं सांगितलं असतं तर?" मी विचारलं. हिंदीत विचारलं होतं, पण मला ते मराठीतच आठवतं.

त्यांनी काच सूक्ष्मदर्शकाखालून काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या की ही तपासणी दोन दिवस आधी झाली असती आणि इंजेक्शन बहुतेक दिलं नसतं. मग म्हणाल्या, "पर बताया तो तुमने ही." मला वाटतं त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या हे बरं झालं. नुसती दुसरी सांगितली असती तर मी तिच्या आड लपले असते.

त्याच दुपारी जंतांवरच्या गोळ्या सुरू झाल्या, स्टिरॉइड हळूहळू कमी केलं, आणि अळ्यांबरोबर आतड्यातले जंतू रक्तात गेले असतील म्हणून प्रतिजैविकंही दिली. पुढचे चार दिवस काहीच सांगता येत नव्हतं. रोज थुंकी तपासायची. पहिल्या दिवशी अळ्या भरपूर, दुसऱ्या दिवशीही तशाच. बाबांना मी सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही. ते बाकावर बसले होते. म्हणाले, "ऑफिसात मले विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं." मग थोड्या वेळाने, "पण डॉक्टरले नाही सांगा लागत असं." एवढंच. ते उठून चहा आणायला गेले आणि माझ्यासाठीही घेऊन आले.

पाचव्या दिवशी थुंकीत एकही अळी दिसली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आईचा ऑक्सिजन निघाला तेव्हा नाकावर नळीचे दोन लाल वळ राहिले होते. तिने पहिल्यांदा मागितलं ते वरण-भात. हॉस्पिटलच्या राजम्याला ती कंटाळली होती.

मी तिला भरवत होते. मनातलं सांगून टाकावं असं वाटलं. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी डॉक्टरांनी शेताचं विचारलं होतं ना, मी खोटं सांगितलं."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "मी ऐकत होती का नाही?"

मी चमचा खाली ठेवला. "मग तू का नाही बोललीस?"

"तू शिकलेली. मले वाटलं, इथं असंच सांगा लागत असेल. नाहीतर चांगलं औषध देत नसतील." तिने चमचा स्वतःच उचलला. "आन् तुझ्यासमोर तुले खोटी काऊन पाडू? डॉक्टरबाई तुझ्याशी किती चांगली बोलत होती."

मला रडू आलं. ती म्हणाली, "आता रडून काय होते? भात गार होऊन राहिला."

मी लाजेने गप्प बसले होते आणि ती माझी लाज राखायला. त्या तीन दिवसांत तिला श्वास पुरत नव्हता, तरी तिने मला मध्ये टोकलं नाही. मला वाटायचं की तिच्या वतीने मी बोलते म्हणजे मी तिला सांभाळते. प्रत्यक्षात काय चाललं होतं, ते मला अजून पूर्ण कळलं आहे असं वाटत नाही.

डॉक्टरांनी माझी आणि बाबांचीही रक्ततपासणी करायला सांगितली. लहानपणी मीही आईच्या मागे बांधीत उतरायचे, परे, म्हणजे धानाची रोपं, वाहून द्यायचे, अनवाणीच. बाबांच्या रक्तात काही निघालं नाही. माझ्या निघालं. मला कसलाच त्रास नव्हता. दोन दिवस गोळ्या घेतल्या. त्या गोळ्या गिळताना मला विचित्र वाटलं. दोन वर्षं मी ज्या चिखलाशी आपला संबंध नाही असं सांगत होते, तो मी रोज बरोबर घेऊन कॉलेजला जात होते.

आता आईला महिन्या-दीड महिन्याने तपासणीला न्यावं लागतं. मूत्रपिंडाचा आजार आहेच, त्यासाठी आता दुसरं औषध चालू आहे, आणि शौचाची तपासणी पुन्हा पुन्हा करतात. बाह्यरुग्ण विभागात दर वेळी डॉक्टर वेगळे असतात. मागच्या वेळी एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी जाड फाइल चाळली, मग माझ्याकडे बघून विचारलं, "खेती का काम करती थीं?"

मी आईकडे बघितलं. आई स्टुलावर जरा पुढे सरकली.

"हाँ जी," ती म्हणाली. "धान का रोवणा. बहुत किया. पहले परा उखाड़ते, फिर गठ्ठा बाँधते, फिर बांधी में फेकते..." रोवणीला हिंदीत काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं, आणि तिने ते विचारलंही नाही. डॉक्टर लिहायचं थांबून ऐकायला लागले. मागे रांग होती. एक काका घसा खाकरून आपण उभे आहोत हे कळवत होते. आईला आता थांबवावं असं मला वाटलं, तसं नेहमीच वाटतं.

मी मध्ये पडले नाही.

"हाथ से ही?" डॉक्टरांनी विचारलं. "पूरा दिन झुक के?"

"हाथ से ही," आई म्हणाली. त्यांना नीट कळलं नसावं असं तिला वाटलं. ती स्टुलावरून उठली, साडीचा काठ थोडा वर खोचला आणि त्या अरुंद खोलीत, टेबल आणि वजनकाट्याच्या मधल्या जागेत, कमरेत वाकून दाखवायला लागली.